बांधावरचं हिंगण राखायचंय, माहिती असलेल्यांनी लिहा

कोरडवाहू | १७ जानेवारी

नमस्कार. इथली झाडांची आणि शेतीची चर्चा बरीच वर्षं वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं रान करमाळा तालुक्यात, माळाचं. आमच्या आणि चुलत्यांच्या रानामधल्या बांधावर हिंगणाचं एक जुनं झाड आहे. उंची पंचवीसेक फूट, बुंधा कवेत जेमतेम मावतो, साल करडी आणि उभ्या भेगांची. आजोबा सांगायचे, मी शेरडं राखायला जायचो तेव्हाही ते एवढंच होतं. वैशाखात सगळं रान भाजून निघतं तेव्हाही त्याची पानं टिकून असतात. वाटेवरची मेंढरं दुपारी त्याच्याच सावलीला बसतात.

यंदा चुलतभाऊ मोजणी करून बांध सरळ करतोय. उन्हाळ्यात जेसीबी येणार आणि हिंगण जाणार असं त्याचं ठरलंय. तो म्हणतो ते खोटं नाही. ट्रॅक्टरचं टायर या काट्यांनी दोनदा बसलं. मागे एका बैलाच्या खुरात काटा मोडून आत राहिला आणि तो महिनाभर लंगडत होता. फळ बाजारात विकत नाही, लाकडाला गिऱ्हाईक नाही. "आंबा असता तर मीच राखला असता," हे त्याचे शब्द.

माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. आजी घोंगडी आणि लोकरीची पासोडी हिंगणबेटाच्या फेसात धुवायची, एवढं डोळ्यांसमोर आहे. दगडावर फळं ठेचून पाण्यात कुस्करली की हाताला बुळबुळीत लागायचं आणि फेस यायचा. आम्ही पोरं पिकलेल्या फळाचा गर चोखायचो. आधी गोड लागतो, मग घशात कडवटपणा रेंगाळतो. आईला तो वास अजून आवडतो.

मला तीन गोष्टी हव्यात. या झाडाबद्दल खरी माहिती, जी भावासमोर ठेवता येईल. ते मुळासकट दुसरीकडे हलवता येतं का. आणि नाहीच वाचलं, तर बियांपासून रोपं कशी करायची. दोन पोरं विचारतात ते झाड कोणतं, आणि मला धड उत्तर देता येत नाही.

पानफुटी | १७ जानेवारी

आधी एक खात्री करून घेते, कारण हिंगण म्हणून लोक भलतीच झाडं दाखवतात. पानं बघा. एका देठावर दोनच पर्णिका, जाडसर, चामड्यासारख्या, राखट हिरव्या. जोडपान अंजनालाही असतं, पण अंजनाला काटे नसतात. काटा एकेकटा येतो का? बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात. हिंगणाचा काटा पानाच्या बगलेत, किंचित वर, एकटाच उगवतो. सरळ, दणकट, आणि कोवळा असताना हिरवागार. उन्हाळ्याच्या तोंडाला बारीक हिरवट पिवळी, मंद वासाची फुलं येतात. फळ लिंबाहून लांबट, पिकल्यावर पिवळसर तपकिरी, आणि वरचं साल टरफलासारखं ठिसूळ होऊन सुटतं.

हे सगळं जुळलं तर ते बॅलनायटिस. जुन्या पुस्तकांत आपल्याकडच्या झाडाला बॅलनायटिस रॉक्सबर्घाय म्हटलंय, पुष्कळ जण त्याला आफ्रिकेतल्या बॅलनायटिस इजिप्शियाकामध्येच धरतात. कूळ गोखरूचं. जमिनीवर पसरणारा गोखरू आणि हे झाड एका कुळातले आहेत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन्हींची फुलं शेजारी ठेवून पाहिली होती. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. पटलं.

त्या हिरव्या काट्याकडे मुद्दाम बघा. तो नुसता राखणदार नाही, हिरव्या फांदीसारखा तोही झाडासाठी अन्न तयार करतो. पाण्याच्या टंचाईत तगणाऱ्या झाडाला ही मोठी सोय आहे.

कोरडवाहू | १७ जानेवारी

तंतोतंत जुळलं. काटा एकटाच आहे, आणि फुलांचा वास मला आत्ता वाचताना आठवला.

जोंधळा | १८ जानेवारी

यापासूनच हिंग करतात ना? नावावरून मला तसंच वाटत आलंय.

पानफुटी | १८ जानेवारी

नाही. हिंग हा इराण-अफगाणिस्तानकडच्या फेरुला नावाच्या झुडपाच्या मुळातून पाझरणारा चीक. त्याचं कूळ कोथिंबीर-बडीशेपेचं. हिंगण हे संस्कृतातल्या इंगुदीचं रूप.

धुरा | १८ जानेवारी

आम्ही वर्ध्याकडचे. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावर हिंगण दिसतंच. वडगाव, पिंपळगाव, बाभुळगाव, बोरगाव ही नावं कशी पडली ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हिंगणगाव, हिंगणी, हिंगणे, हिंगणा, हिंगणघाट म्हणताना मात्र झाड डोळ्यांसमोर येत नाही. पुण्यातल्या हिंगण्याला कर्व्यांनी १९०० साली झोपडी बांधून आश्रम हलवला, ती शाळा सगळ्यांना माहीत. नावातलं झाड तिथल्या किती जणांनी पाहिलं असेल?

मृगाजिन | १८ जानेवारी

या झाडावर लिहायची संधी मला कधी मिळाली नव्हती, म्हणून थोडं लांबण लावतो.

अमरकोशात इंगुदीचं दुसरं नाव तापसतरु दिलंय, म्हणजे तपस्व्यांचं झाड. हे नाव उगीच पडलेलं नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत रथातून सारथ्याला सांगतो की आपण आश्रमाच्या परिसरात आलो. त्याला हे कळतं कशावरून? पोपटांच्या ढोलींखाली सांडलेल्या साळीवरून, न बुजणाऱ्या हरणांवरून, आणि तेलकट झालेल्या दगडांवरून. त्या दगडांवर इंगुदीची फळं फोडलेली असतात. कोरडवाहू, तुमच्या आजीचा दगड मला वाचता वाचता तिथेच दिसला.

चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा एक हरीण तिचा पदर सोडत नाही. कण्व तिला सांगतात, दर्भाच्या टोकाने याचं तोंड चिरलं होतं तेव्हा तू ज्याच्या जखमेवर इंगुदीचं तेल लावलंस, तोच हा. म्हणजे आश्रमात या बियांचं तेल काढून ठेवलेलं असे. दुसऱ्या अंकात विदूषकही तपस्व्यांच्या इंगुदी तेलाने चिकट झालेल्या डोक्यांचा उल्लेख करतो.

रामायणात तर हे झाड दोन फार मोठ्या प्रसंगी येतं. अयोध्या सोडल्यावर शृंगवेरपुराला गंगेकाठी राम रात्र काढतो ती एका मोठ्या इंगुदीखाली. गुह त्याला तिथेच भेटतो. पुढे भरत येतो तेव्हा गुह त्याला त्याच झाडाच्या बुंध्याशी रामाचं गवताचं अंथरूण दाखवतो. मग चित्रकूटला, दशरथ गेल्याचं कळल्यावर राम मंदाकिनीकाठी बापाला पिंड देतो. घरात असता तर भाताचा दिला असता. वनात तो इंगुदीच्या पेंडीत बोरं मिसळून पिंड करतो आणि म्हणतो, माणूस जे खातो तेच त्याच्या देवांनी खावं. नंतर कौसल्येला दर्भावर ठेवलेला तो पिंड दिसतो आणि तिचा बांध फुटतो. पृथ्वी भोगलेल्या राजाला इंगुदीची पेंड!

मला वाटतं त्या प्रसंगाचं दुःख कळायला इंगुदीची चव माहीत असावी लागते. गोड म्हणून सुरू होऊन कडू होणारी. तुम्ही आणि तुमची आई ते ओळखता.

बागायतदार_पंढरपूर | १९ जानेवारी

सगळं वाचलं, चांगलं आहे. पण भावाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी. मी स्वतः दोन हिंगणं काढली आहेत. रामायणातलं झाड म्हणून टायर फुटायचं थांबत नाही. गळलेला काटा वाळून सुयासारखा होतो आणि चपलेतून थेट पायात जातो. खाली पडलेली एक फांदी दिसली नाही तर मळणीच्या दिवसांत माणूस आडवा होतो. ज्याचं पोट त्या रानावर आहे त्याला शहरातून सल्ले देऊ नयेत.

कोरडवाहू | १९ जानेवारी

मी शहरात नाही, गावातच आहे, आणि माझंही पोट त्याच रानावर आहे. तुमचं म्हणणं मात्र मान्य. म्हणूनच विचारतो, तुम्ही काढलीत ती कशी काढलीत, आणि पुढे काय झालं?

बागायतदार_पंढरपूर | १९ जानेवारी

एक बुंध्यातून कापलं. ती चूक झाली. पावसाळ्यात बुंध्याला धुमारे आलेच, शिवाय आठ-दहा फुटांवर मुळांतून कोंब निघाले. एका झाडाचं काटेरी बेट झालं. तीन वर्षं दर पावसाळ्यात कोंब काढत होतो. दुसरं जेसीबीने खोल खणून काढलं, तरी तुटलेल्या मुळांतून फूट आलीच. हे खरं ते लिहायला हवं.

पानफुटी | १९ जानेवारी

हेच भावाला सांगा. हिंगणाला एक सोटमूळ सरळ खोल जातं, आणि आडव्या मुळांना दुखापत झाली की त्यांतून कोंब फुटतात. दुष्काळ, वणवा, शेळ्या या सगळ्यांतून ते याच जोरावर टिकलेलं आहे. उभं झाड एका जागी असतं आणि त्याचे काटे आठ-दहा फुटांवर, डोक्याच्या वर ठेवता येतात. कापलेलं झाड गुडघ्याएवढ्या झुडपांत वाटलं जातं, आणि टायरच्या उंचीवर काटे असतात ते त्या झुडपांचे.

हलवण्याबद्दल: एवढं मोठं झाड हलवू नका. सोटमूळ तुटल्याशिवाय ते निघणार नाही आणि तुटल्यावर जगेल याची आशा कमी.

मी असते तर खालच्या फांद्या ट्रॅक्टरच्या छपराच्या वरपर्यंत बुंध्यालगत साफ काढल्या असत्या, पावसाळा सुरू होण्याआधी. काढलेल्या फांद्या रानात न सोडता बांधावर कुपाटी घालायला वापरल्या असत्या. आणि दरवर्षी एकदा झाडाखालचा पालापाचोळा ओढून काढला असता.

वाडा_मेंढरांचा | २० जानेवारी

आमी धनगर. फलटण बाजूचं. दर साल कोकणात जातो आन येतो. हिंगणाखाली बसायचं म्हंजे मेंढरांची चैन. शेरडं फळं खात्यात, बाठा गिळत्यात, आन रातच्याला रवंथ करताना बाठं थुकत्यात. सकाळी वाडा झाडला की ढिगानं बाठं निघत्यात, पांढरी स्वच्छ. आमची म्हातारी ती गोळा करून ठिवायची. लेंडीखतासंगट रानात गेलेला बाठा पावसात उगवतोच. तुमच्या बांधावरचं झाड बी कुणा म्हाताऱ्यानं लावलं नसंल. शेरडानंच लावलं असंल.

काट्यातनं बी शेरडू कवळा पाला बरोबर वढतंय. उन्हाळ्यात दुसरं काय हिरवं नसतं तवा ह्योच पाला.

कोरडवाहू | २० जानेवारी

मामा, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू? आमच्या झाडाखाली मेंढरं बसतात हे रोज बघतो. पण ते झाड तिथे आलंच मेंढरांमुळे असेल, हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. तुमचा वाडा आमच्या बाजूला आला तर जरूर उतरा.

निळा_नाईल | २१ जानेवारी

मी नोकरीनिमित्त चार वर्षं सुदानमध्ये, खार्टुमला होतो. तिथे या फळाला लालोब म्हणतात आणि झाडाला हिजलीज किंवा हेगलीग. बाजारात पोत्यांनी विकतात. लोक सुपारीसारखं तोंडात धरून तासभर चघळतात, मुलांच्या खिशात तर असतंच. पाण्यात भिजवून सरबत करतात. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा डोळे भरून आले, कारण ती चव मी बीड जिल्ह्यात आजोळी चाखलेली होती. इतक्या लांब जाऊन आजोळची चव भेटेल असं कुणाला वाटेल?

सुदानमध्ये या झाडाच्या नावाचं गावच आहे, हेगलीग. तिथे तेल सापडलं आणि २०१२ साली सुदान आणि दक्षिण सुदानमध्ये त्या गावावरून लढाई पेटली. बातम्यांत रोज नाव यायचं आणि मला दर वेळी झाड दिसायचं.

साहेल पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाने, वाळवंट थोपवण्यासाठी जी झाडं लावतात त्यांत हे आहे. सेनेगलमध्ये त्याला सुंप म्हणतात, आणि हरित भिंतीच्या प्रकल्पात ते मुद्दाम निवडलंय. कारणं तीच, जी तुमच्या बांधावर आहेत: कमी पाऊस, वर्षभर हिरवा पाला, फळ, तेल आणि सावली. चांगल्या जमिनीत मोठं झाड वर्षाला शंभर-सव्वाशे किलो फळ देतं.

बी फोडायचं काम मात्र चिकाटीचं. फळाच्या वजनात निम्म्याहून जास्त बाठाच असतो, आणि त्यातला मगज फळाच्या जेमतेम दहावा हिस्सा. मगजात जवळपास निम्मं तेल असतं. पिवळसर, खाण्याजोगं. बायका मगज पुन्हा पुन्हा उकळून, पाणी बदलून कडवटपणा घालवतात आणि मग भाजून खातात.

जोंधळा | २१ जानेवारी

शास्त्रीय नावात इजिप्त आहे. मग हे मुळात तिकडचंच झाड आणि आपल्याकडे कोणी तरी आणलं, असं नाही का?

मृगाजिन | २१ जानेवारी

नमुना जिथून मिळाला तिथलं नाव पडतं. लिनिअसने १७५३ साली त्याला झिमेनिया इजिप्शियाका म्हटलं. मग नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या दलील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली बॅलनायटिस हे वेगळं नाव दिलं. ग्रीक भाषेत ओकच्या फळाला जो शब्द आहे त्यावरून. तिकडे प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत याचे बाठे सापडतात. इकडे वाल्मीकी आणि कालिदास ते ओळखतात. दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं झाड आहे ते.

माळव्यातला_मराठी | २२ जानेवारी

आम्ही इंदूरकडे राहतो. इथे हिंगणाला हिंगोट म्हणतात, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला हिंगोट युद्ध होतं. गौतमपुऱ्याचा संघ तुर्रा, पलीकडच्या रुणजीचा कलंगी. फळं आधी तोडून आणतात, वरचं साल काढतात, बाठ्यातला मगज पोखरून काढतात, वाळवतात आणि पोकळीत दारू भरून माती लावतात. बांबूची काडी बांधली की बाण तयार. संध्याकाळी दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहून ते पेटवून एकमेकांवर सोडतात. हातात ढाली, डोक्याला फेटे.

मी दोनदा पाहिलं. आकाशात आगीचे पट्टे उठतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण माणसं भाजतात, डोळ्यांना इजा होते, आणि मी तिसऱ्यांदा गेलो नाही. इथे सांगायचा मुद्दा वेगळा आहे. दारूचा भडका उडेपर्यंत न फुटणारं कवच फळाच्या पोटात असतं, इतका तो बाठा कठीण. म्हणूनच तो शेळीच्या पोटातून, पावसातून, वणव्यातून सही सलामत निघतो.

धुरा | २२ जानेवारी

तुर्रा आणि कलंगी! आपल्याकडे शाहिरांचे कलगी-तुरा फड तेच नाव सांगतात. माळव्यापर्यंत ही जोडी गेलेली आहे हे वाचून बरं वाटलं.

ओवा_आणि_सुंठ | २३ जानेवारी

मी डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने लिहिते. या झाडाची चर्चा निघाली की जंतावर, खोकल्यावर, साखरेच्या आजारावर घरगुती उपाय लगेच येतात. कृपया कोणी बी उगाळून लहान मुलांना देऊ नका.

फेस येतो तो सॅपोनिनमुळे. तेच सॅपोनिन पाण्यात गेलं की मासे गुंगतात आणि मरतात, कारण त्यांच्या कल्ल्यांतून ते रक्तात जातं. पाण्यातल्या गोगलगायींनाही ते मारक आहे. आफ्रिकेत शिस्टोसोमा नावाचा कृमी त्या गोगलगायींमार्फत माणसांत शिरतो. म्हणून १९३३ सालीच सुदानमध्ये पाणवठ्यांवर या फळांचा वापर सुचवला गेला होता. तहान भागवणाऱ्या पाण्याजवळ हे झाड लावायचं, फळं पाण्यात पडतील, गोगलगायी कमी होतील, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. पण गोगलगाय मारणारी गोष्ट बाळाच्या पोटात घालताना दहादा विचार हवा. मुळाची आणि खोडाची साल जोरदार रेचक आहे. पिकल्या फळाचा गर चार पोरांनी चोखला तर काही बिघडत नाही.

सॅपोनिनांपासून डायोस्जेनिन मिळतं, आणि त्यापासून संप्रेरकांची औषधं बनवता येतात. ते कारखान्यातलं काम आहे, सहाणेवरचं नाही.

कोरडवाहू | २३ जानेवारी

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. गावात एक जण याची साल मागायला आला होता. आता नाही देणार. विहिरीपासून झाड लांब आहे, तिथे मासे सोडलेत, म्हणून हा मुद्दाही लक्षात ठेवतो.

पानफुटी | २४ जानेवारी

रोपांबद्दल राहिलं होतं. शेळ्यांनी थुंकलेले बाठे मिळाले तर सोनं, कारण गर आधीच निघालेला असतो. नाहीतर पिकलेली फळं दोन दिवस पाण्यात ठेवा, गर चोळून काढा, बाठे सावलीत सुकवा. लावण्याआधी एक दिवस-रात्र पाण्यात भिजवा. पिशवी खोल घ्या, सोटमूळ लवकर खाली उतरतं आणि उथळ पिशवीत गुंडाळतं. बाठा उभा लावायचा, देठाचं टोक खाली, वर बोटभर माती. एक ते चार आठवड्यांत उगवतो. पहिली दोन वर्षं वाढ दिसणारच नाही, कारण झाड आधी मूळ बांधतं. फळ यायला पाच ते आठ वर्षं धरा. या दोन वर्षांत शेळ्या तेवढ्या लांब ठेवा. मोठ्या झाडाला काटे आहेत, रोपाचे काटे अजून मऊ असतात.

रानपाखरू | २४ जानेवारी

उशिरा येतेय. मी पक्षी बघते. आमच्या माळावर खाटीक पक्ष्याचं हिंगण ठरलेलं आहे. टोळ, सरडे, एकदा तर उंदराचं पिलू त्याने काट्याला टोचून ठेवलेलं पाहिलं. त्याच्या नखांत शिकार धरून फाडण्याची ताकद नसते, काटा त्याच्या हाताचं काम करतो. त्याच झाडावर होल्यांची घरटी असतात, आणि मांजरीला तिथे चढता येत नाही. कोरडवाहू, फांद्या छाटायच्या आधी एकदा वर नीट बघून घ्या. उन्हाळ्यात घरटं असेल तर महिनाभर थांबा.

बागायतदार_पंढरपूर | २६ जानेवारी

मी आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण काल माझ्या रानात फिरताना ते कोंब बघितले. मुळावर जगलेलं एक अजून आहे, कमरेएवढं. या वेळी काढलं नाही. त्याला एकच खोड ठेवून बाकीचे धुमारे छाटले. बघू.

कोरडवाहू | ९ फेब्रुवारी

दोन आठवडे गप्प होतो, कारण सांगण्यासारखं काही ठरलेलं नव्हतं.

भावाला घेऊन झाडाखाली बसलो. पंढरपूरच्या दादांचा प्रतिसाद आधी वाचून दाखवला, कापल्यावर तीन वर्षं कोंब काढत होतो तो. तिथे तो थांबला. मग स्वतः उठून बुंध्याभोवती फिरला आणि दोन ठिकाणी माती उकरून मुळं किती लांब गेलीत ते बघितलं. बांधाबाहेर दोन्हीकडे गेली आहेत. म्हणाला, "हे खणलं तर दोघांच्या रानात काटे." मी काही बोललो नाही.

ठरलं ते असं. नवा बांध झाडापाशी दोन हात वळसा घेऊन जाईल. वळसा माझ्या बाजूने, म्हणजे तेवढी जमीन माझी जाईल, आणि ते मला चालणार आहे. खालच्या फांद्या नऊ फुटांपर्यंत आम्ही दोघे मिळून काढणार. त्याची कुपाटी त्याच्या भाजीच्या तुकड्याला. रानपाखरू, वर होल्याचं एक घरटं आहे, त्यात अंडी आहेत, म्हणून छाटणी मार्चअखेर.

आईने या सगळ्यात एक केलं. मी मृगाजिन यांचा रामायणावरचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती उठली, आजीचा तो दगड परड्यात पालथा पडला होता, तो धुऊन पुन्हा ओट्यापाशी ठेवला. या मोसमातली शेवटची फळं त्यावर फोडली आणि आजीची घोंगडी धुतली. पोरांना फेस दाखवला. धाकटा विचारत होता की हा साबण झाडाला कुठून मिळतो.

बाठे एकशे चाळीस निघाले. सव्वाशे लावतोय, बाकीचे वाटायला ठेवलेत.

धुरा | ९ फेब्रुवारी

मला पाच हवेत. एप्रिलमध्ये पंढरपूरला येतोय, वाटेत उतरेन.

वाडा_मेंढरांचा | १० फेब्रुवारी

वळसा घातला ते बरं केलं. आमी चैतात तुमच्या बाजूनं जातो. बाठं आणतो, पिशवीभर. रोपांना कुपाटी मातुर पक्की घाला, आमची शेरडं वळख ठिवत न्हाईत.

कोरडवाहू | १० फेब्रुवारी

धुरा, पाच बाठे तुमच्या नावाने बाजूला काढले. येताना खोल पिशव्या आणा, इथे तालुक्याला उथळच मिळतात. मामा, या. झाडाखाली जागा आहेच, आणि पाण्याचा हौद भरून ठेवतो.